मनोऱ्यांतील घंटा
(महोत्सवाच्या सायंकाळीं चर्चच्या प्रांगणांत झालेलें भाषण)



जुन्या कारागिरीविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय मोठा आहे. शिसवी पेट्या, पितळी दिवे, हातमागाचीं लुगडीं, किल्लीचीं घड्याळें यांचें कौतुक आजकाल तरुण मंडळीहि हौसेनें करितात. आम्ही मात्र एकाच वस्तूपुरतें बोलूं. ती आपल्या डोक्यावर, मनोऱ्यांत टांगलेली आहे, आणि तिजविषयीं आपणांस लवकरच निर्णय करावयाचा आहे. मनोऱ्यांत ध्वनिक्षेपक बसवून मुद्रित घंटानाद लावावा व जुन्या घंटेस विश्रांति द्यावी, अशी सूचना पुढें आली आहे. सूचना करणारे आपलेच सज्जन आहेत, व त्यांचें म्हणणें निराधार नाहीं. पहाटे दोर ओढावयास माणूस मिळत नाहीं, आणि घंटेचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाहीं, हें कोणीहि मान्य करील.

आपली घंटा फिरंगी अमदानींतील नव्हे. त्या काळच्या घंटांची कथा वसईंत सर्वश्रुत आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला घेतला, आणि या प्रांतींच्या चर्चांतील घंटा देशावर गेल्या. वाईजवळ मेणवलीस एक आहे, तिजवर १७०७ हा अंक आहे. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१, तर भीमाशंकराच्या घंटेवर क्रूस व १७२९ असा अंक आढळतो. कांसें वितळवून तोफा ओतणें त्या काळीं कठीण नव्हतें. युरोपांत घंटांच्या तोफा व तोफांच्या घंटा अनेक वेळां झालेल्या आहेत. पण ज्यांनीं या घंटा नेल्या त्यांनीं त्या आपल्या दैवतापुढें टांगल्या. आपल्या पूर्वजांना मुके झालेले मनोरे पाहून काय वाटलें असेल, हें निराळें सांगावयास नको. तरी उत्तम काम ओळखणारी नजर जिंकणाऱ्यांसहि होती, एवढें कबूल केलें पाहिजे. खणखणीत आवाजाच्या माणसास अजूनहि 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. तीनशें वर्षांपूर्वीं ओतलेल्या कांशानें परक्या देवळांत राहून आपल्या भाषेंत अशी जागा मिळविली!

अशी घंटा होते कशी? इटलींत आन्योने येथें मारिनेल्ली घराण्याचा जुना ओतकारखाना आहे. १९२४ सालीं पोप अकरावे पियुस यांनीं त्यांस पोपचें राजचिन्ह वापरण्याची मुभा दिली. तेथें अजूनहि प्रथम विटामातीचा गाभा रचितात, त्यावर मातीची खोटी घंटा घडवितात, व तिच्या अंगावर मेणाचीं अक्षरें व चित्रें बसवितात. तिजवर मातीचा बाहेरचा सांचा चढला व आंतून विस्तव लागला, म्हणजे मेण वितळून जातें आणि अक्षरांचा ठसा सांच्याच्या आंतल्या अंगास राहतो. मग सांचा उचलून खोटी घंटा फोडून टाकितात. जी पोकळी उरते तींत रस ओततात: सुमारें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील. रस वाहात असतां पवित्र मरियेची लितानी म्हणण्याचा तेथें प्रघात आहे. कथील वाजवीपेक्षां अधिक झालें तर घंटा ठिसूळ होते, कमी पडलें तर नाद बसतो. कांठाची जाडी चुकली कीं सूर चुकला. बिघडलें तर फोडून पुन्हां ओतणें हाच बहुधा उपाय, आणि करणारा आपलें नांव व साल त्याच कांशांत घालून मोकळा होतो; पुढें लपावयास जागा नाहीं.

जुनें तेवढें सोनें, असें आम्ही म्हणत नाहीं. वाईट काम पूर्वींहि पुष्कळ होत असे. तें मोडलें, कुजलें, व आपल्यापर्यंत आलेंच नाहीं. जें आलें त्यांतील बरेंचसें दुरुस्त करतां येण्याजोगें होतें म्हणून आलें. लंडनची 'बिग बेन' १८५८ सालीं व्हाइटचॅपेलच्या कारखान्यांत ओतली. १८५९ सालीं ती वाजूं लागली व दोनच महिन्यांत तडकली. मग ती किंचित् फिरविली, जेणेंकरून हातोडा अखंड जागीं पडावा, आणि हातोडा हलका केला. तीच तडकलेली घंटा आजहि तास देते. तिला ओतणारा कारखाना मात्र २०१७ सालीं बंद पडला.

आपल्या घंटेचें दुखणें त्याहून लहान आहे. लोलक वर्षानुवर्षें एकाच जागीं आपटून कांठ झिजला आहे, व लोलक धरणारा चामडी पट्टा सैल झाला आहे. घंटा पाव फेरा फिरविली, म्हणजे लोलकास ताजा कांठ मिळतो. नवा लोलक घालावयाचा झाल्यास तो घंटेच्या धातूहून मऊ लोखंडाचा असावा. लोलकास दोर बांधून तो कांठावर दाबून धरणें सर्वांत वाईट. त्यानें घंटा तडकते. (सणाच्या दिवशीं आपलीं मुलें मोठ्या उत्साहानें हेंच करितात!)

ध्वनिक्षेपकांतून येणारा नाद कोठल्या तरी दुसऱ्या घंटेचा असणार. जिला आशीर्वाद देऊन वर चढविलें, जी आपल्या आजोबांच्या अंत्ययात्रेस व आपल्या लग्नास वाजली, ती खालीं मुकी बसेल. शिवाय आषाढांत वीज जाते, तेव्हां दोर चालतो. माणसाची अडचण खरी असल्यामुळें रोजच्या एंजलसपुरता विजेवर चालणारा हातोडा बसविण्यास आमची हरकत नाहीं. तो याच घंटेवर पडेल. सण, लग्न व मृत्यु या वेळीं दोर माणसानें ओढावा.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सभा आहे. तेथें पट्टा, लोलक व फिरवणुकीच्या खर्चाचा अंदाज मांडला जाईल. ज्या मुलामुलींस दोर ओढणें शिकावयाचें असेल त्यांनीं सभेनंतर मनोऱ्याच्या पायथ्याशीं यावें. तीन टोले, मग थांबणें, पुन्हां तीन, पुन्हां थांबणें, पुन्हां तीन व शेवटीं नऊ, हें शिकविण्यास आपलीं दोन वडील माणसें तयार आहेत.