रायपुरातील सणांचे वर्ष आणि आमची मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक संमेलनातील भाषण)



संयोजकांनी आम्हांस 'मुले आणि सण' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत टिपणे लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याकडून रसाळ भाषणाची अपेक्षा आपण करणार नाही, असे गृहीत धरून बोलतो.

२००८ साली आमची बदली रायपुरास झाली, तेव्हा कन्या सात वर्षांची आणि चिरंजीव चार वर्षांचे होते. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. परमुलखात मुलांचे मराठीपण कसे टिकेल, ही चिंता आपणां सर्वांप्रमाणे आम्हांसही होती. तिच्यावर आम्ही योजलेला उपाय सोपा होता : आपले सण घरात करावयाचे आणि इतरांचे खिडकीतून पाहावयाचे.

हा उपाय पहिल्याच पावसाळ्यात फसला. दिव्याच्या अवसेला घरात दिवे उजळून पाटावर मांडले होते. बाहेर पाहावे तो आमच्या चौकटीला कोणी कडुनिंबाची डहाळी खोचून गेलेले, आणि रस्त्याने पोरे बांबूच्या उंच काठ्यांवर पाय रोवून डुलत चाललेली. त्या काठ्यांना येथे 'गेडी' म्हणतात आणि तो सण हरेलीचा. शेतकरी त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतो. येथील पंचांग पौर्णिमान्त, आपले अमान्त. म्हणून आपली आषाढी अमावास्या ती त्यांची श्रावणातली. तिथी एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे. हे आम्ही मुलांना समजावून सांगत असता चिरंजीव गेडीसाठी हटून बसले होते. पुढे पंधरा दिवस त्यांचे गुडघे फुटत होते. (२०१९ साली राज्य शासनाने हरेलीची सुटी जाहीर केली. केंद्रीय कार्यालयास ती लागू नसल्याने आम्ही ती किरकोळ रजा टाकून साजरी केलेली आहे.)

महिन्याभराने पोरा आला. सातारकडे बैलांचा सण तो आषाढातला बेंदूर; पोळा आम्हांस ऐकूनच ठाऊक. आपल्या मंडळातील नागपूरकर मंडळींनी मुलांना तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल दाखविले, आणि बाजारात मातीचे नंदी व मुलींसाठी मातीची चूल, जाते अशी भातुकली मांडलेली होती. तेव्हापासून त्या दिवशी आमच्या पानात पुरणपोळीशेजारी ठेठरी आणि खुरमी असते.

त्यानंतरची तीज ती आपली हरितालिका. परंतु येथे तिचे मर्म निराळे आहे. तीजेला विवाहित लेकीने माहेरी यावे, भावाने किंवा वडिलांनी तिला न्यावयास यावे, अशी रीत आहे. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन उपवासास आरंभ होतो. त्यास 'करू भात' म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर वाईजवळ. त्या वर्षी कोण येणार? गल्लीतील घरोघरी लेकी उतरत होत्या आणि या गौरीगणपतीच्या तयारीत मान खाली घालून बसल्या होत्या. संध्याकाळी शेजारच्या वृद्ध बाई दारात येऊन म्हणाल्या, "चल बेटी, करू भात खायला." सौभाग्यवतींना कारले मुळीच आवडत नाही. त्या रात्री त्यांनी ते दोनदा मागून घेतले, हे कन्येने आम्हांस येऊन सांगितले.

दसऱ्याविषयी एवढेच, की डब्ल्यूआरएस कॉलनीतील रावणदहन पाहून आल्यावर मुले सोने वाटावयास निघाली, तेव्हा त्यांना सोने म्हणजे काय हे कोणास सांगावे लागले नाही. ही सोनपत्राची चाल या मुलखात नागपूरकर बिंबाजी भोसल्यांनी रूढ केली, असे येथील जाणकार सांगतात. बिंबाजींनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहिला. कार्तिकी पौर्णिमेस खारून नदीवर महादेव घाटाची जत्रा, माघी पौर्णिमेपासून शिवरात्रीपर्यंत राजिमचा मेळा, ही ठिकाणे आपण सर्वांनी मुलांना दाखविली असतीलच.

आता जे सांगावयाचे ते आमच्या चुकीचे आहे. पौष पौर्णिमेस, धान खळ्यावरून घरात आले की, 'छेरछेरा' येतो. मुले पिशव्या घेऊन दारोदार जाऊन धान मागतात. त्या पहिल्या वर्षी सकाळी कन्या मैत्रिणींबरोबर कापडी पिशवी घेऊन निघाली. आम्ही तिला फाटकातून परत बोलाविले आणि सर्वांदेखत बजावले, की अधिकाऱ्याच्या मुलीने दारोदार भीक मागत हिंडावयाचे नाही. ती काही बोलली नाही. पिशवीची घडी करून आत गेली. मैत्रिणी मात्र 'भीक' हा शब्द ऐकून गेल्या. त्याचा अर्थ त्यांनाही कळत होता.

त्या दुपारी आमच्या दारी एकही मूल आले नाही. त्या शेजारच्या बाईच आल्या. म्हणाल्या, "साहेब, आज मालगुजाराचा मुलगाही मागतो आणि मजुराचाही. आज ज्याच्या दारी कोणी येत नाही, तो गरीब." आम्ही निरुत्तर झालो. आमची आजी डोळ्यांपुढे आली. घरात धान्याची कणगी भरलेली असताना नवरात्रात ती परडी घेऊन पाच घरी जोगवा मागे, आणि तिचा पदर धरून आम्ही मागे चालत असू. तिला तेव्हा कोणी भिकारीण म्हटले असते, तर आमच्या वडिलांनी काय केले असते? आपलाच जोगवा परक्या भाषेत दारी आला, तो आम्हांस ओळखता आला नाही. संध्याकाळी आम्ही कन्येस घेऊन पाच घरी गेलो. पिशवी तिच्या हाती होती, मागितले मात्र आम्ही.

कन्या आता पुण्यास नोकरी करते. गेल्या पौष पौर्णिमेस तिचा सकाळीच दूरध्वनी आला. तिने प्रकृती विचारली नाही. मुले आली का, हे विचारले. आम्ही म्हणालो, सूपभर तांदूळ काढून ठेवला आहे, अजून कोणी आलेले नाही. "बाबा, फाटक उघडे आहे ना?" तिने विचारले. आम्ही फोन तसाच हाती धरून पाहावयास गेलो.