वीस मीटरवरचं हरीण

आज धनुष्यबाणाने होणाऱ्या हरणाच्या शिकारीबद्दल बोलणार आहे. आधीच सांगून टाकतो, आपल्या देशात हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि तो तसाच राहावा या मताचा मी आहे. आजची हकिगत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली, नोव्हेंबरच्या सुरुवातीची. माझी मुलगी तिथे मॅडिसनला असते. तिचे शेजारी सत्तरीला टेकलेले आहेत आणि चाळीस वर्षं धनुष्याने शिकार करतात. एका सकाळी त्यांनी मला बरोबर नेलं. शस्त्र त्यांचं, परवाना त्यांचा, मी नुसता प्रेक्षक.

पहिल्यांदा अंतराचं बोलू. फौजेत आम्ही इन्सास रायफल 400 मीटरपर्यंत परिणामकारक धरत होतो. या गृहस्थांनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा 25 मीटर. त्यांचं धनुष्य आधुनिक, टोकांना चाकं असलेलं. ते ओढायला 27 किलोचा जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावर जेमतेम साडेपाच किलो भार राहतो. बाण सेकंदाला 80 मीटरच्या आसपास जातो. मैदानात ते 50 मीटरवरही डाव्या-उजव्या हाताला न चुकता मारतात. मग जंगलात 25 का?

कारण हरणाला कान आहेत. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, म्हणजे बाणाच्या चौपट वेगाने. हरीण 40 मीटरवर असेल तर बाण पोचायला अर्धा सेकंद लागतो आणि आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचलेला असतो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसकण मारतं. तेवढ्यात अंग वीतभर खाली जातं आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत लागतो किंवा वरून निघून जातो. वीस मीटरवर त्याला ही सवड जवळपास मिळत नाही. लक्ष्य हलतं ते बाण सुटल्यानंतर, हे रायफलवाल्याला कळायला वेळ लागतो. मलाही ते कागदावर आकडे मांडल्यावरच पटलं.

आम्ही पहाटे पाचला निघालो. मॅडिसनच्या पश्चिमेला टेकड्यांचा मुलूख आहे, तिथे त्यांच्या भावाचं शेत आहे. कपडे त्यांनी पानं भरलेल्या पिशवीत ठेवलेले, साबणाचा वास नको म्हणून. खिशात पावडरची एक छोटी बाटली. ती दाबली की पावडरचा बारीक धूर उडतो आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं. वारा वायव्येकडून होता, म्हणून मचाण हरणांच्या वाटेच्या आग्नेयेला निवडलं. पट्टे बांधून, दोरी अडकवूनच वर चढायचं, यावर ते सुभेदारासारखे कडक होते. झाडावरून पडणं हे तिकडच्या शिकाऱ्यांच्या अपघातांचं फार मोठं कारण आहे.

सूर्योदय पावणेसातच्या सुमारास. कायद्याने त्याआधी अर्धा तास शिकार सुरू करता येते. पण अंधुक उजेडात ते धनुष्याला हातही लावेनात. खाली पाचोळ्यात काहीतरी चालत होतं, स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्या मनात दशरथ राजा आला. शब्दवेधी बाण हे त्याचं कौशल्य, आणि त्याच कौशल्याने श्रावणाचा जीव घेतला. लहानपणी ही गोष्ट शापाची म्हणून ऐकली होती. मचाणावर बसून ती मला शस्त्रशिस्तीची वाटली. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे दिसल्याशिवाय मारायचं नाही, हा नियम तिथे नव्या शिकाऱ्याला वर्गात बसवून शिकवतात. उजाडलं तेव्हा पाचोळ्यातली ती धामधूम एका खारीची निघाली.

थंडी चांगलीच होती. हलायचं नाही, खोकायचं नाही. फौजेत मी घातीला बसलोय, पण तिथे निदान आजूबाजूला आपली माणसं असतात.

सव्वासातला नर आला. आठ टोकांची शिंगं, मान फुगलेली, माजाचा हंगाम. ओकच्या झाडाखाली 35 मीटरवर उभा राहिला, छाती आमच्याकडे आडवी, अगदी चित्रात असावा तसा. शेजाऱ्यांनी धनुष्य उचललंच नाही. दोन मिनिटं तो तिथे होता. मग उतरणीवरून निघून गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नुसती मान हलवली. दहा मीटर जास्त, एवढंच.

अर्ध्या तासाने मादी आली. मागे दोन पाडसं, पण या दिवसांत ती सहा महिन्यांची आणि दूध सुटलेली असतात. हे मी नंतर विचारून घेतलं, कारण ते विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं. मादीचं डोकं झाडाच्या खोडाआड गेलं तेव्हा त्यांनी दोरी ओढली. ती बाहेर आली आणि नेमकी आमच्याकडे तोंड करून थांबली. वीस मीटर. समोरून मारलं तर बाण हाडावर जाण्याची भीती. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला. हरीण असं करतं ते संशय आल्यावर, समोरच्याने हलावं म्हणून. शेजाऱ्यांचा हात थरथरायला लागलेला मला दिसत होता. मिनिटभर तरी धरलं असेल, मग त्यांनी दोरी सावकाश परत सोडली, बाण न सोडता. माझ्या हिशेबी ती सकाळ तिथेच संपली होती.

पण मादी शांत झाली. चार पावलं पुढे गेली, तिरकी वळली. त्यांनी पुन्हा ओढलं. अठरा मीटर. थप्प असा आवाज झाला आणि ती शेपटी खाली घालून झुडपात शिरली. पाडसं थोडी पळून थांबली, मग दुसऱ्या दिशेला गेली.

आता खरा कठीण भाग. लगेच उतरायचं नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही. त्याच्या टोकाची वस्तऱ्यासारखी पाती रक्तस्राव घडवतात आणि त्याने जीव जातो. पाठलाग केला तर जखमी जनावर कोस कोस पळतं. म्हणून घड्याळ लावून अर्धा तास बसलो. मग खाली येऊन बाण उचलला. त्यावरचं रक्त वाचतात. फिकं, फेसाळ म्हणजे फुप्फुस. काळपट म्हणजे यकृत, मग काही तास थांबायचं. हिरवट आणि उग्र वास म्हणजे पोट, मग अर्धा दिवस जाऊ द्यायचा. आमचं फेसाळ होतं. तरी ते वाकून एकेक थेंब शोधत चालले. प्रत्येक खुणेवर टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत, म्हणजे मागे वळून पाहिलं की ओळ दिसते. नव्वद पावलांवर मादी पडली होती. त्यांनी काडीने डोळ्याला स्पर्श करून खात्री केली आणि काही वेळ तसेच बसून राहिले. मी बोललो नाही.

हे दर वेळी असं होत नाही. बाण लागूनही हाती न आलेली हरणं असतात. धनुष्याच्या शिकारीवरचा हा सगळ्यात खरा आक्षेप आहे आणि तो त्यांनी स्वतःच माझ्यापुढे मांडला. त्यांच्या चाळीस वर्षांत अशी तीन. तिन्ही कुठे, कोणत्या वर्षी, ते त्यांना तोंडपाठ होतं.

आपल्याला वाटेल, ही मंडळी जंगल ओरबाडतात. इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. बाजारात विकण्यासाठीच्या बेसुमार कत्तलीमुळे 1900 च्या सुमाराला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं अंदाजे पाच लाखांच्या आत आली होती, आज ती तीन कोटींच्या आसपास मानतात. हंगाम ठरवले, विक्री बंद केली, आणि 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. धनुष्यबाण त्या करात आले 1972 साली. म्हणजे ज्या वर्षी आपण शिकारीला दार लावायला घेतलं, त्याच वर्षी त्यांनी धनुर्धाऱ्याला दारावर पावती फाडायला लावली. आपल्याकडची लोकसंख्या आणि जंगलं बघता आपला मार्ग आपल्यासाठी बरोबर होता. पण त्यांचा हिशेबही एकदा नीट वाचावा असा आहे.

धनुष्याचा वेगळा हंगाम आधुनिक काळात पहिल्यांदा याच विस्कॉन्सिनने 1934 मध्ये सुरू केला. आणि याच टेकड्यांत 2002 साली हरणांचा एक असाध्य, मेंदू पोखरणारा रोग सापडला. शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची, आणि या रोगामुळे या भागातले काही शिकारी मानेतल्या गाठी तपासणीला पाठवून निकाल येईपर्यंत मांस शिजवत नाहीत. आमचे शेजारीही थांबले.

निकाल साफ आला तेव्हा त्यांनी दोन किलोचं पाकीट आणून दिलं. बायकोने त्याला घरचा काळा मसाला लावला आणि तीन तास मंद आचेवर ठेवलं. चव चांगली होती. तिचं म्हणणं, या मटणाला अंगची चरबीच नाही, पुढच्या वेळी तेल सढळ हाताने घालायला हवं.