शेवटच्या विमानानंतर

नव्या विमानाचे पहिले उड्डाण सर्वांना दिसते. त्याच्या निर्मितीचा अस्त मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १९६८ साली प्रथम उडालेले तुपोलेव्ह-१५४ हे सोव्हिएत प्रवासी विमान व्होल्गाकाठच्या समारा येथे एके काळी वर्षाला डझनांनी तयार होई. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर हा ओघ आटला. कारखान्यातून क्वचितच एखादे विमान बाहेर पडे, आणि अखेरचे २०१३ साली सुपूर्द झाले. असे रेंगाळणारे उत्पादन आतबट्ट्याचे खरे; परंतु तोवर साचे, सुटे भाग आणि कसबी हात टिकून राहतात.

ते थांबल्यावर काय होते, हे भारताने सोव्हिएत बनावटीच्याच एका लढाऊ विमानाच्या बाबतीत अनुभवले. नाशिकजवळ ओझर येथील मिग-२१ चे उत्पादन १९८०च्या दशकात संपले. विमान मात्र २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत सेवेत राहिले. मधली सुमारे चार दशके ते ओझरच्या दुरुस्तीशाळेने आणि लखनौच्या महानगर वस्तीपासून जवळच असलेल्या, विमानांची उपकरणे बनविणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यासारख्या ठिकाणांनी तगवून धरले. शेवटचे विमान बाहेर पडले म्हणून कारखान्याचे दायित्व संपत नाही. वैमानिकाचे प्राण पुढेही त्याच हातांवर अवलंबून असतात.