नेपाळचा राखणदार, कोकणची बाग



वर्धा शहराला लागून असलेली नालवाडी आज शहराचाच भाग वाटते. १९३२ साली विनोबा येथे राहावयास आले, तेव्हा ती प्रामुख्याने दलित बांधवांची छोटी वस्ती होती. सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो काय, हे विनोबांनी येथे स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले. गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालयही येथेच उभे राहिले. मेलेल्या जनावराच्या कातड्याला कसबाची जोड दिली तर कारागिराला गावातच भाकर मिळेल, ही त्यामागची दृष्टी. गावातल्या श्रमाला गावात मोल का मिळत नाही, हा नालवाडीचा प्रश्न होता. विनोबा मूळचे कोकणातले, गागोद्याचे. आज तोच प्रश्न त्यांच्या कोकणात एका वेगळ्याच रूपाने उभा आहे.

रत्नागिरी, देवगडच्या कातळावरील हापूसच्या बागांत ऐन हंगामात फेरफटका मारावा. वानरे हाकणारा, रात्री बॅटरी घेऊन फिरणारा, फवारणीची नळी ओढणारा गडी बहुधा नेपाळी असतो. मिरकरवाडा बंदरात मासेमारी नौकांवर तांडेल स्थानिक असला तरी जाळे ओढणाऱ्या खलाशांत नेपाळी भाषा सर्रास कानी पडते. विदर्भातील नागरिकाला नेपाळी माणूस ठाऊक आहे तो शिट्टी वाजवीत, काठी आपटीत रात्री गल्लीतून जाणारा गुरखा म्हणून. महिन्याच्या आरंभी तो दाराशी येतो, आपण हातावर दहा-वीस रुपये ठेवतो. त्याचे गाव कोणते, हे आपण कधी विचारले आहे काय?

हा ओघ जुना आहे. महाराजा रणजितसिंहांच्या सैन्यात चाकरीसाठी नेपाळी तरुण लाहोरला जात, म्हणून परदेशी नोकरीस जाणाऱ्याला नेपाळात आजही ‘लाहुरे’ म्हणतात. १९४७ साली दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारातील सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना वास्तव्य, व्यापार, मालमत्ता व संचार यांत समान वागणूक देण्याचे मान्य केले. म्हणून पश्चिम नेपाळच्या डोंगरातील माणूस पारपत्रावाचून बनबसाची सीमा ओलांडतो आणि गाड्या बदलत रत्नागिरीस उतरतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर ही वाट आणखी सोपी झाली.

त्याला घराबाहेर काढणारी कारणे डोंगरातच आहेत. तुकडा-तुकडा जमीन, वर्षातील काही महिनेच पुरणारे धान्य आणि सावकाराचे कर्ज. १९९६ ते २००६ या काळातील माओवादी संघर्षाने खेडी आणखी ओस पाडली. आज नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्श्याइतका पैसा बाहेरून येतो. राष्ट्राचे तारुण्य परक्या मुलखात खपते आणि घरी वृद्ध, स्त्रिया व मुले राहतात, हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. कोकणाने ते आधी अनुभवले आहे.

कोकणचा चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत गेला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तसे आखाताचे दार उघडले आणि रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून तरुण मोठ्या संख्येने तिकडे गेले. पैसा आला, चिरेबंदी घरे उठली. त्या घरांना कुलपेही लागली आणि भातखाचरे पडीक झाली. आता घरचा मुलगा कलमावर चढावयास तयार नाही, आणि तेच काम करणाऱ्या परक्याकडे तो खालच्या नजरेने पाहतो! श्रमाचा असा अवमान आपल्या सुशिक्षित घरांतूनच झाला आहे, हे कटू असले तरी मान्य केले पाहिजे.

मोकळ्या सीमेचा एक दोष असा की, तेथे माणसाची मोजणी नाही. आखातात किंवा मलेशियात जाणाऱ्या नेपाळी मजुराला सरकारचा श्रमपरवाना लागतो. भारतात येणाऱ्याला तो लागत नाही, म्हणून नेपाळच्या परवान्याच्या वहीत त्याचे नाव नाही. बागमालकाशी व्यवहार बहुधा तोंडी, उचल आगाऊ. झाडावरून पडला, समुद्रात वाहून गेला, तर भरपाई कोणाकडे मागावयाची? १९९० साली कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे एअर इंडियाने सुखरूप आणले. आपण त्याचा सार्थ अभिमान बाळगतो. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, तेव्हा भारतातून परतणारे शेकडो नेपाळी मजूर महाकाली नदीच्या अलीकडे धारचुलाला दिवसेंदिवस अडकून पडले. पलीकडे स्वतःचा देश दिसत होता. काहींनी तर नदीत उड्या टाकल्या.

पशुपतिनाथाचे नाव घेऊन नेपाळशी आपले सांस्कृतिक नाते सांगितले जाते, ते खरेच आहे. पण बागेतल्या खोपीत राहणाऱ्या त्या राखणदाराची मुले सहा ते चौदा वयाची असतील, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये जवळच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळावयास हवा. त्यासाठी कोणी तरी बोट धरून त्यांना नेले पाहिजे. शाखेचा स्वयंसेवक हे काम करू शकतो, महिला मंडळ करू शकते. गड्याचे नाव, गाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून ठेवणे बागमालकालाही अवघड नाही.

मेअखेरीस आंबा संपतो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. मग खलाशी आणि राखणदार यांतले पुष्कळ जण पत्र्याची ट्रंक आणि चादरीचे गाठोडे घेऊन रत्नागिरी स्थानकावर उत्तरेच्या गाडीची वाट पाहत बसलेले दिसतात. तिकडे त्यांच्या डोंगरात भातलावणीचे दिवस आलेले असतात.