ठेका कोणाचा, नाव कोणाचे?



गणेशोत्सवात अमेरिकेतल्या रॅपवाल्याचे काय काम, असे काही जणांना वाटेल. पण आपल्या वसाहतीतली मुले हल्ली मोबाइलवर ठेके बांधतात, रॅप म्हणतात. त्यांच्यासाठी आज डॉ. ड्रे या संगीत निर्मात्याची वाटचाल आपण पाहू.

हा डॉक्टर दवाखान्यातला नव्हे. खरे नाव आंद्रे यंग. जन्म १९६५ चा, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन गावचा. क्लबमध्ये तबकड्या वाजवता वाजवता तो ठेका बांधायला शिकला. १९८८ मध्ये त्याच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचा अल्बम गाजला. पण पैशांच्या हिशेबावरून बिनसले आणि त्याने ती कंपनी सोडली. मग भागीदारीत डेथ रो काढली. तिथे १९९२ चा ‘द क्रॉनिक’ तुफान चालला. १९९६ मध्ये तीही सोडून त्याने आफ्टरमाथ ही कंपनी उभी केली. एमिनेम तिथूनच जगापुढे आला. पुढे जिमी आयोविन यांच्यासोबत त्याने बीट्स हेडफोन बाजारात आणले आणि २०१४ मध्ये ॲपलने ती कंपनी ३०० कोटी डॉलरला विकत घेतली.

तो काही संत नव्हे. १९९१ मध्ये त्याने एका महिला पत्रकाराला मारहाण केली होती. म्हणून त्याची पूजा करायची नाही. त्याच्या धंद्यातून शिकायचे.

दोनदा कंपनी सोडावी लागल्यावर कळते की नुसती कला पुरत नाही, मालकीही हवी. गाण्यात दोन हक्क असतात: एक चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ‘द क्रॉनिक’मध्ये ड्रेने बऱ्याच जुन्या चाली वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्या. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जावे लागत नाही. चालीचा हिशेब मात्र द्यावाच लागतो.

आणि इथेच आपल्या इंदूरचा संबंध येतो. २००२ मध्ये आफ्टरमाथने ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे ‘ॲडिक्टिव्ह’ हे गाणे काढले. त्यात लतादीदींचा आवाज होता! १९८१ च्या ‘ज्योति’ चित्रपटातले बप्पी लाहिरींचे गाणे, न विचारता, नाव न देता उचललेले. निर्माता दुसरा होता, पण कंपनी ड्रेची. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने लाहिरींचे नाव दिल्याशिवाय विक्री थांबवा, असा आदेश दिला. हिशेबासाठी कंपनी सोडणाऱ्याच्या घरातच दुसऱ्याचा हिशेब राहून गेला.

इंदूरला जन्मलेल्या लतादीदी तर साठच्या दशकातच गायकांच्या रॉयल्टीसाठी भांडल्या होत्या. आपल्या कायद्यातही २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आहे.

आम्ही सरकारी नोकर. कागदावर नाव आणि सही नसेल तर काम झालेच नाही, असे आमच्याकडे धरतात. मुलांनो, ठेका बांधलात तर तारीख, नाव आणि कोणाचा किती वाटा, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. दोस्तीत असले तरी लिहा. दुसऱ्याचे घेतलेत तर विचारून घ्या.

आणि मंडळाला एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत देणगीदारांची नावे आपण ठळक छापतो. त्याखाली गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, ठेका कोणाचा, हेही छापू या. दोन ओळी जास्त जातील, एवढेच.

गणपती बाप्पा मोरया!