चिठ्ठी ते दवाखाना



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर असताना आरोग्यावर ही इंजिनिअर का बोलते, असं काहींनी विचारलं. उत्तर माझ्या कामात आहे. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड दुरुस्त करणारी एक टीम असते आणि बिघाड होऊच नये म्हणून नजर ठेवणारी दुसरी. दोघींचं बोलणं तुटलं की तोच बिघाड परत परत येतो. आरोग्याचंही तसंच. दवाखान्यात हगवण बरी होते आणि पोरगं घरी येऊन तेच पाणी पितं.

हे तुटलेलं जोडून दाखवलं ते बीडच्या पलीकडे, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. दवाखाना होताच; पण गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पाणी, मुलांचं वजन, बाळंतपण यांवर त्या लक्ष ठेवत आणि अवघड रुग्ण दवाखान्यात पाठवत. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा आशाताई घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

आता आपल्याकडचं बघू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक शाळेत येऊन मुलं तपासतं. डोळे, कान, दात, रक्तक्षय, हृदयाचा दोष. काही आढळलं तर पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मिळते. उपचार मोफत आहेत. पण जिंतूर किंवा पालमच्या खेड्यातून परभणीला यायचं म्हणजे एसटीचं भाडं लागतं आणि आईबापाची मजुरी बुडते. सोयाबीनच्या सुगीत तर कुणालाच हलता येत नाही. मग चिठ्ठी दप्तरातच राहते.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधावी, असं घाटतं आहे. माझी विनंती आहे, की तो निधी या चिठ्ठ्यांमागे लावू. तपासणी झाली की पालकांच्या संमतीने एक वही ठेवायची: कुणाला पाठवलं, ते मूल गेलं का, चष्मा मिळाला का, पुन्हा कधी बोलावलंय. भाडं आणि बुडालेली मजुरी आपण द्यायची. सोबत जायला गावात राहणारे आपलेच मित्र आहेत. ॲप लागलं तर मी करून देईन, पण सुरुवात वहीनेच होईल. ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील. मुलांची नावं ना फलकावर, ना आपल्या ग्रुपवर.

कमान पुढची बॅचही बांधेल. पण सातवीतल्या ज्या मुलीला फळा दिसत नाही, तिचं वर्ष आपल्यासाठी थांबणार नाही. दुपारच्या बैठकीत यावर निर्णय व्हावा, एवढंच मागते.