अंगावरचे दूध आणि बाळाचे रक्त

(ट्रस्टच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नाही. खाप्यात चाळीस वर्षे कापड मोजणारा व्यापारी आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण हा धडा मला माझ्याच घरात मिळाला.

माझा नातू दहा महिन्यांचा होईपर्यंत जवळजवळ आईच्या दुधावरच वाढला. गोरा, गुटगुटीत, आल्यागेल्याने कौतुक करावे असा. पुढे तो किरकिरा झाला, खेळण्यात रमेनासा झाला. आम्ही म्हणालो, दात येत असतील. तापाच्या निमित्ताने नागपूरला नेले असता डॉक्टरांनी त्याचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरून पाहिला आणि रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले ७.८. आम्ही ज्याला गोरेपणा समजत होतो, तो फिकेपणा होता!

घरात पहिला दोष सूनबाईंच्या दुधाला दिला गेला. तो अन्याय होता. कोणत्याही मातेच्या दुधात लोह थोडेच असते, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. मात्र ते बाळाच्या अंगी चांगले लागते. लोहाचा मुख्य साठा बाळ गर्भातूनच घेऊन येते आणि तो साधारण सहा महिने पुरतो. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळाचा साठा त्याआधीच संपतो. गरोदरपणी मातेच्या अंगात रक्त कमी असेल, तरी बाळाच्या वाट्याला कमीच येते.

बंधूंनो, आपल्या भाषेत सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे दुकानाच्या फळीवरचा माल आणि फेरिटिन म्हणजे गोदामातील शिल्लक. आधी गोदाम रिते होते. फळी ओस दिसते ती फार उशिरा. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून डोळ्यांना फिकेपणा दिसण्याची वाट पाहू नये. पाच वर्षांखालील बालकाचे फेरिटिन १२ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपला, असे समजतात. परंतु ताप किंवा जंतुसंसर्ग असताना हा आकडा फुगतो. गोदाम रिकामे आणि वहीत शिल्लक, असा प्रकार होतो. हिमोग्लोबिनची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांसाठी १०.५ ठरविली आहे.

आपल्या विदर्भात आणखी एक सावधगिरी हवी. रक्त कमी असण्याचे कारण प्रत्येक वेळी लोहच असते असे नाही. डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून मध्य भारतातील सिकलसेलकडे लक्ष वेधले होते. थॅलेसेमियाही असू शकतो. म्हणून औषधाने फरक न पडल्यास त्या तपासण्या अवश्य कराव्यात.

हे एका घराचे दुखणे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरपैकी सुमारे ६९ बालकांत रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५४ च्या आसपास होते.

मग करावे काय? अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे. कंदमुळे वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकघरातही नाचणी आहे, मुगाचे वरण आहे; त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत, म्हणजे लोह अंगी लागते. वर्षाच्या आत गाईच्या दुधावर भिस्त ठेवू नये आणि चहा-बिस्किटाचे लाड तर नकोतच. केवळ शाकाहारी अन्नातून लोहाची गरज भागणे कठीण असते. म्हणून ‘अॅनिमिया मुक्त भारत’ योजनेतील लोहाचे सिरप आशाताईंकडून घ्यावे. आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. रक्त कमी निघाल्यास मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. सिरपने शी काळी होते, त्याला घाबरू नये. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागू देऊ नये. अधिक मात्रा जीवघेणी ठरते.

नातवाला औषध सुरू झाले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले आणि घरात पुन्हा दंगा सुरू झाला. सूनबाईंची मी सर्वांसमक्ष क्षमा मागितली.

वर्षाअखेर दुकानातील मालाची मोजदाद आपण चुकवत नाही. घरातील बाळ नऊ महिन्यांचे झाले की एकदा त्याचे रक्तही तपासून घ्यावे, एवढीच हात जोडून विनंती.

जय जिनेंद्र!